हां म्हणायचं नाही

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नवऱ्याला, आनंदला, औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी तो रद्दीत टाकायला निघाला होता. मी काढून घेतली. दिवसभर जे कानांवर पडतं ते कुठेतरी ओकून टाकायला हवं, नाहीतर जेवण जात नाही.

आज नवी बॅच. आठ जण. खराडीच्या एका कंपनीने पाठवलेत. काम असं: इंग्लंडमधली म्हातारी माणसं गळ्यात एक बटण घालतात. कुणी पडलं, छातीत दुखलं, काही झालं की बटण दाबायचं. दाबलं की फोन खराडीत वाजतो. सहा आठवडे मी या मुलांना उच्चार आणि ऐकणं शिकवायचं. मग आठवडाभर खरे फोन. त्यात टिकेल तो कायम, बाकीचे घरी.

चौदा वर्षं मी हेच करतेय, शनिवार पेठेत, वह्यांच्या दुकानावरच्या या खोलीत. त्याआधी वीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. म्हणजे चौतीस वर्षं इंग्रजी भाषेचे हाल मी या दोन कानांनी ऐकले आहेत.

कंपनीने दिलेल्या हेडफोनचे गोळे आधीच्या कुणाच्या तरी तेलाने चिकट झालेले. हात लावला आणि शिसारी आली. डेटॉलने पुसले. मुलं पुसता येत नाहीत, हीच अडचण आहे.

सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितलं. आठांपैकी एकाचंही पहिलं वाक्य मी पूर्ण होऊ दिलं नाही. गरजच नव्हती. शितावरून भाताची परीक्षा होते, त्यासाठी पातेलं उपसायला लागत नाही. "माय नेम इज तेजस, आय ॲम बिलाँग्स टू—" वाजवली घंटी. "मॅडम, आय ॲम मुक्ताई, फ्रॉम वाशीम, ॲण्ड माय हॉबी—" वाजवली घंटी. टेबलावरची ही पितळी घंटी माझा निम्मा घसा वाचवते. तोंडाने किती वेळा थांबवणार?

पण खरा कळस पुढे. मी म्हातारी इंग्रज बाई झाले आणि बोलायला लागले, तर आठही जण माझ्या प्रत्येक तीन शब्दांमागे "हां… हां… हां हां… बरं… हां." ती मुक्ताई तर मानही हलवते आणि वर "हो नं, हो नं". गोठ्यात उभी राहून कथा सांगतेय असं वाटलं. तिथल्या तिथे नियम फळ्यावर लिहिला: समोरचा बोलत असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. हां म्हणायचं नाही. म्हटलं की एक मार्क गेला.

बुधवार, ८ जानेवारी

फॉर्म तपासले. "ही नोकरी कशासाठी हवी?" या प्रश्नाला सात जणांनी "करिअर ग्रोथ" लिहिलंय. एकाच मोबाइलवरून उतरवल्यासारखं.

आठवा तो तेजस. कात्रजच्या पलीकडचं, काही वर्षांपूर्वी शहरात ओढलं गेलेलं गाव. त्याने मराठीत लिहिलंय: "आमच्या रानात बिल्डरने तीन बिल्डींगा बांधल्या. बिल्डर म्हणतो पोराला गेटवर घेतो. वडील म्हणतात होळीपरयंत दुसरं कायतरी बघ नायतर गेटवर बस. मला आमच्याच रानाच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसायचं नाही."

शुद्धलेखनाच्या चार चुका. लाल शाईने दुरुस्त करून परत दिला.

तो वर्ग सुटल्यावर मागे थांबला होता. "मॅडम, मी जे लिहिलंय ना, ते—" मी म्हटलं, "लिहिलेलं मला वाचता येतं. तू उद्यापासून फ आणि एफ यांतला फरक करायला लाग." मान डोलावून गेला. निदान उलट बोलत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पोरांनी तिळगूळ आणला. तेजसच्या आईने, कांताबाईंनी, घरी केलेल्या वड्या पाठवल्या, स्टीलच्या डब्यात, वर वर्तमानपत्राचा तुकडा. वडी चांगली होती. मुक्ताई पुढे आली, "मॅडम, तिळगूळ घ्या, गोड—"

"गोड बोलायला इथे कुणी येत नाही," मी म्हटलं, "नीट बोलायला येतात."

सगळे हसले. का हसले कळलं नाही, मी विनोद केला नव्हता.

आज दुसरा नियम दिला. पलीकडचा माणूस चुकीचा शब्द बोलला, औषधाचं नाव चुकवलं, पत्ता अर्धा सांगितला, की तिथेच थांबवायचं, शब्द दुरुस्त करायचा, त्याच्याकडून वदवून घ्यायचा, मगच पुढे. त्यासाठी वाक्य दिलं: "लेट मी स्टॉप यू देअर." सभ्य, स्वच्छ, धारदार. शंभरदा म्हणवून घेतलं. तेजसचा सूर शंभराव्या वेळी जरासा बरा लागला.

हां म्हटल्याबद्दल आज एकूण एकोणचाळीस मार्क कापले. त्यांतले सतरा एकट्या मुक्ताईचे. तिला विचारलं, हे तुझं थांबत का नाही? तर म्हणे, "मॅडम, कोणी बोलून राहिलं अन् आपण चूप बसलो तर त्याला वाटते नं का—" घंटी. राहिलं काय, वाटते काय! आधी मराठी धड बोल म्हणावं.

मंगळवार, २१ जानेवारी

तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पेपर', 'पेन', 'पीपल' म्हणायचं. श्वासाने पट्टी हलली पाहिजे. आपल्या लोकांची हलत नाही. आज हलली, पण श्वासाने नाही, थुंकीने. आठ जणांचे सकाळचे पोहे आणि वडापाव मी वासावरून सांगू शकले असते. खिडकी उघडली तर खालून गाड्यांचा धूर. माणसाने नाक मुठीत धरून जगायचं तरी किती?

तेजसने विचारलं, मॅडम, तुमचा आवाज रेकॉर्ड करू का? पहाटे दोन म्हशींचं दूध काढताना कानात लावतो म्हणाला, आणि बाइकवर येतानाही. रेकॉर्डिंगच्या सावलीसारखं मागोमाग बोलत राहायचं, ही पद्धत मीच सांगितलेली, पण करतो कोण? म्हटलं कर. माझे उच्चार कात्रजच्या म्हशींना ऐकायला मिळणार. मिळू देत, त्या तरी मध्ये हां म्हणणार नाहीत.

सोमवार, २७ जानेवारी

कंपनीचा विक्रम आला होता. वय एकोणतीस, दाढी कोरलेली, मराठी वाक्यात मराठी शब्द दोन. सोबत सॉफ्टवेअर. मुलांनी त्यात बोलायचं आणि ते म्हणे उच्चाराला शंभरपैकी मार्क देतं. हिरवी टिकली, लाल टिकली. चौतीस वर्षांच्या कानाची किंमत आता टिकल्यांवर. त्यातला बाईचा आवाज इतका गुळचट की दात आंबले.

"मॅडम, ॲक्च्युअली क्लायंटचा फोकस थोडा वेगळा आहे, दे आर लुकिंग फॉर—"

"लुकिंगमधला 'उ' आखूड आहे," मी म्हटलं.

मग तो आकडे लिहून घेऊन गेला. तेजस एकाहत्तर. मुक्ताई अठ्ठेचाळीस. माझ्या कानाने मी तेजसला सत्तर दिले होते आणि तिला पंचेचाळीस. म्हणजे मशीनही काही अगदीच बहिरं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आनंद चहाचा घोट घेताना जो आवाज करतो तो पस्तीस वर्षांत बदललेला नाही. बशीत ओतून पितो वर. सकाळी म्हणाला, "शैला, काल मी जिन्यात तुझ्या मुलांना ऐकलं. ती एकमेकांशी—"

"एकमेकांशी मराठीत बोलत होती, माहीत आहे. दंड लावणार आहे."

"नाही गं, ती तुझ्यासारखं—"

म्हटलं माझ्यासारखं बोलायला लागली असतील तर पेढे वाट. मग त्याने पेपर उघडला.

तेजस मात्र खरंच पुढे गेलाय. आज मी म्हातारी झाले, मुद्दाम औषधाचं नाव चुकवलं. त्याने अर्ध्या शब्दावर पकडलं. "लेट मी स्टॉप यू देअर, मॅडम." काय तो सूर! काय तो 'स्टॉप'! मी बोलत असताना त्याच्या बाजूने टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. एवढ्या वर्षांत असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. वर्गासमोर तसं म्हणालेही. त्याचे कान लाल झाले. हा गेटवर बसणार नाही, माझी खात्री आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

तेजस चौऱ्याण्णव. मशीनने आणि मी, दोघांनीही.

दुपारी त्याच्या वडिलांचा फोन आला. हिंमतराव. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला. "मॅडम, नमस्कार, तेजसचा बाप बोलतोय. पोरगं हुशार हाय, त्याचं कायबी म्हणणं न्हाई. पर घरात त्याला काय सांगाया गेलं तर त्यो नुसता—"

"अहो, घरातलं घरात बघा," मी म्हटलं. "इथे त्याला चौऱ्याण्णव मार्क आहेत."

"मार्काचं न्हाई वो, त्याची आई म्हणती का आपण भित्ताडासंगं—"

मी सांगितलं, आत्ता वर्ग चालू आहे. चालू नव्हता, पण असल्या लोकांना एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. पोराला इंग्रजी आलं की पहिल्यांदा बापाच्याच पोटात दुखतं, हा माझा अनुभव आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बॅच संपली. कंपनीला अहवाल दिला. तेजसला अ. सहा जणांना ब. मुक्ताईला क, आणि शेरा: "ऐकताना अनावश्यक आवाज काढते. सुधारणेची शक्यता कमी."

तिला शेरा वाचून दाखवला. रडली वगैरे नाही. "मॅडम, मी तुम्हाला एक विचारू का, तुम्हाला कोणी—" म्हटलं, परीक्षा झाल्यावर प्रश्न विचारत नसतात. वाकून नमस्कार करून गेली. या मुलींच्या नमस्काराचाही मला वीट आलाय. चुका सुधारायच्या नाहीत, पाया पडायचं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

विक्रमचा फोन. तेजसला लाइनवरून काढलंय.

मी विचारलं, का? म्हणाला, मॅडम, एक कॉल झालाय, तुम्ही ऑफिसला येऊन—

मी ऐकून घेतलं नाही. चौऱ्याण्णव मार्कांच्या मुलाला काढता? आणि ठेवलंय कुणाला, तर मुक्ताईला! अंगाचा तिळपापड झाला. हे काय आहे मला नीट माहीत आहे. तिकडच्या गोऱ्यांना आपल्या माणसाने त्यांच्यापेक्षा शुद्ध बोललेलं सोसत नाही. त्यांना आपण अडखळतच हवे असतो. आणि इथल्या दाढीवाल्यांना मान तुकवायची सवय. किळस आली सगळ्यांची.

तेजसला फोन लावला. उचलला. "मॅडम," म्हणाला आणि पुढे काहीच नाही. मी पाच मिनिटं बोलले, धीर धर, मी बघते, मी पत्र लिहिते. पलीकडे चिडीचूप. शेवटी मलाच विचारावं लागलं, आहेस ना? "आहे मॅडम," म्हणाला.

मला वाटलं, फोनच खराब असेल.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चार पानी पत्र लिहिलं. व्याकरणाची एक चूक सापडली तर नाव बदलेन.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

खराडीला गेले. एवढी काच आणि एवढा एसी, पण बाथरूममध्ये साबण नाही. विक्रमने एका खोलीत बसवलं, पुढ्यात हेडफोन ठेवला. तसाच चिकट. पुसायला काही नव्हतं. तसाच लावला.

"मॅडम, पत्राबद्दल नंतर बोलू. आधी हे शेवटपर्यंत ऐका. प्लीज."

रेकॉर्डिंग सुरू झालं. तेजसने नाव सांगितलं, कंपनी सांगितली. निर्दोष. मी विक्रमकडे बघितलं. त्याने नुसतं हेडफोनकडे बोट केलं.

म्हातारी बाई. दम लागलेला. नवरा बाथरूममध्ये पडलाय, ती म्हणाली, आणि थांबली. तेजसच्या बाजूला काही नाही. आंघोळीला गेला होता, ती म्हणाली, आणि थांबली. काही नाही. "आर यू देअर?" तिने विचारलं. "येस, मॅडम," तेजस म्हणाला, आणि पुन्हा गप्प. नवऱ्याचा हात लागतोय थंड, ती म्हणाली, डोळे उघडे आहेत पण. काही नाही. "हॅलो? आर यू देअर, लव्ह?" "येस, मॅडम." तिचा आवाज आता चिरकायला लागला होता. प्रत्येक वाक्यानंतर ती एक क्षण थांबायची, आणि त्या क्षणात पलीकडून कुणीही काहीही द्यायचं नाही. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

मग ती नवऱ्याच्या गोळ्यांचं नाव सांगायला लागली आणि चुकली.

"लेट मी स्टॉप यू देअर, मॅडम."

तो आवाज माझा होता. माझा सूर, 'स्टॉप'च्या आधी मी घेते तेवढाच श्वास. आणि त्याच्याही आधी जीभ टाळूला लावून मी जो 'च्' असा आवाज काढते, आनंद ज्याला पस्तीस वर्षं भितो, तो सुद्धा. मी तो शिकवतानाही काढते हे मला माहीतच नव्हतं. त्या मुलाने तोही शिकून घेतला होता. म्हशींचं दूध काढता काढता.

त्याने तिला गोळीचं नाव नीट सांगितलं आणि म्हणून दाखवायला सांगितलं. नवरा फरशीवर पडलेल्या बाईला. तिने म्हणायचा प्रयत्न केला. पुन्हा चुकली. "आय ॲम सॉरी," म्हणाली. "आय ॲम सो सॉरी." आणि फोन बंद.

"उच्चार निर्दोष आहेत," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे का निघालं मला माहीत नाही.

विक्रमने दुसरं लावलं. चार मिनिटांनंतरचा फोन, तीच बाई, या वेळी लागला मुक्ताईला. "हां मॅडम. हां. हां हां. ओ माय गॉड, हां." 'ॲम्ब्युलन्स'चा चेंदामेंदा. 'बाथरूम'चा 'थ' दगडासारखा. "आय ॲम हिअर नं, मॅडम. यू टेल नं. हां. हां." मोजले नाहीत, पण वर्गात असती तर तीस मार्क गेले असते. आणि म्हातारी बोलत होती. भराभरा, सलग, न अडखळता. पत्ता, दाराची किल्ली कुठे, गोळ्यांचं खोकं वाचून नाव. एका मिनिटाच्या आत गाडी निघाली.

म्हातारा वाचला. खुबा मोडलाय. चार मिनिटं तो फरशीवर जास्त पडून होता ती माझ्यामुळे.

घरी येताना रिक्षावाल्याला वळणं बोटानेच दाखवली. इतकी वर्षं मी जगाच्या तोंडाची किळस केली. आज माझ्या जिभेची आली. तो 'च्' कानातून जात नाही.

शनिवार, १ मार्च

कंपनीला दुसरं पत्र पाठवलं. चार ओळींचं. मुलाने मी शिकवलं तेच अक्षर न अक्षर केलं, चूक शिकवण्याची आहे, त्याला परत घ्या, हवं तर मला काढा.

उत्तर तासाभरात आलं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. गंभीर घटनेनंतर एखाद्याला परत लाइनवर बसवणं क्लायंटच्या नियमात बसत नाही. पुढच्या बॅचेस सॉफ्टवेअरवर होतील. म्हणजे मला काढलं, पण त्याला घेतलं नाही. सौदा अर्धाच मान्य केला.

आनंद बाजूला येऊन बसला. "शैला, तू वाईट वाटून घेऊ नकोस, मला तर कितीदा वाटायचं की तुला—"

"आनंद, प्लीज, आत्ता नको," मी म्हटलं. उगाच सांत्वनं नकोत मला.

शनिवार, १५ मार्च

होळी झाली. काल धुळवड. रस्ते अजून रंगाने बरबटलेले, खालच्या दुकानाच्या पायरीवर कुणीतरी ओकून गेलंय आणि कुणी धूत नाही.

दोन आठवडे मी तेजसला रोज फोन करायचं ठरवत होते आणि करत नव्हते. काय बोलणार? आज दुपारी त्याचाच आला. मी ठरवून टाकलं, आज याला मध्ये तोडायचं नाही, जीभ दाताखाली धरायची. त्याने जे सांगितलं ते आठवेल तसं सगळं लिहिते.

"मॅडम, मी तेजस. बिझी न्हाई ना? सोमवारपासनं गेटवर बसलोय. काम काय न्हाई, गाडीचा नंबर ल्याहायचा, डिलिव्हरीवाल्याला वर सोडायचं. बी विंगची लिफ्ट हाय ना, तिथं आमची विहीर हुती. मी तिथंच पवायला शिकलो. आता लिफ्ट खाली आली की मला उगंच वाटतं कोणतरी पाण्यात पडलं. असू दे. मी तुम्हाला सांगायला फोन केला, की तुम्ही विक्रम सरांना ल्हिलं ते मला मुक्ताईनं सांगितलं. तुम्ही असं ल्ह्यायला नको हुतं. माझी बी चूक हाय. मॅडम, त्या म्हातारीचं मला पहिल्या वाक्यालाच सगळं कळलं हुतं. आमचा आजा असाच मोरीत पडलेला. मी आतल्या आत हां हां म्हणत हुतो. हातानं तोंड दाबून धरलं हुतं, खरंच, इचारा बाजूच्याला. मला वाटलं, हां म्हटलं तर मार्क जातील, आन् मार्क गेले तर गेट. म्हणून दाबून धरलं. आन् आता ते निघतच न्हाई, मॅडम. आई बोलती, मी गप. आई म्हणती, मी काय भित्ताडासंगं बोलतीय का? बा तर बोलायचाच थांबलाय. परवा बी विंगमधल्या एक काकू इंटरकॉमवर सांगत हुत्या, गॅसचा वास येतोय म्हणून, आन् मधीच म्हणाल्या, अरे, आहेस का मेलास? मी हुतो की. मी सगळं ऐकत हुतो. मला भ्या वाटतंय, मॅडम. हे परत कसं येतंय? तुम्ही शिकवलंय, तर तुम्हालाच माहीत असंल, म्हणून म्हटलं इचारावं."

तो थांबला.

मी दात आवळून गप्प बसले होते. अजून काही बोलायचं असेल त्याला, म्हणून.

"मॅडम? हायसा का?"

"हां," मी म्हटलं. चौतीस वर्षांत माझ्या तोंडातून तो कधी निघाला असेल असं मला आठवत नाही. पुन्हा म्हटलं, "हां, तेजस. हां." पुढे काय सांगायचं ते मला येत नव्हतं. येत असतं तर मी त्याला तेच शिकवलं असतं ना.

"एक मिनिट हां, गाडी आलीय," तो म्हणाला. फोन कुठेतरी ठेवला असावा, बंद केला नाही. हॉर्न ऐकू आला, मग लोखंडी गेट सरकवल्याचा आवाज, मग कुणीतरी गाडीतूनच त्याच्यावर खेकसलं, झोपला होतास का रे. तो उत्तर देईल म्हणून मी कान लावून बसले. त्याने काहीच उत्तर दिलं नाही.